दिवसाचा रकाना

वंगारी मॅडम हातात पुरुषांचं घड्याळ घालायच्या. त्यात तारखेची एक छोटी खिडकी होती. ज्या महिन्याला तीसच दिवस असतात तो संपला की दुसऱ्या दिवशी त्या खिडकीत एकतीस दिसायचा. मॅडम वर्गात आल्या की आधी ते दुरुस्त करायच्या. टेबलाशी उभं राहून नखानं चावी ओढायच्या, एक तारीख येईपर्यंत काटे फिरवायच्या आणि मग फळ्याकडे वळायच्या. मार्चच्या पहिल्या दिवशी जास्त वेळ लागायचा. "फेब्रुवारी संपला की हे थापा मारतंय," असं म्हणायच्या. आम्ही वह्या उघडून वाट बघायचो.

फळ्यावर त्या तारीख लिहायच्या ती महिन्याचं नाव अक्षरात लिहून. आकड्यात कधीच नाही. एकदा आमच्या वर्गातल्या सागरनं वहीवर ३/४ असं लिहिलं होतं. मॅडमनी वही हातात घेऊन विचारलं, "तीन एप्रिल का चार मार्च?"

"तीन एप्रिल, मॅडम. आपल्याकडं तसंच लिहितात की."

"तू इथं आहेस म्हणून मला विचारता आलं. उद्या वही असेल आणि तू नसशील. तेव्हा कुणाला विचारू?"

त्यांच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात आहे. पण मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. घरी कुणाविषयी सांगायचं म्हणजे तो कुठला, काय करतो, एवढंच सांगायची पद्धत आहे. मॅडमविषयी तेवढंच सांगितलं तर काहीच सांगितल्यासारखं होणार नाही, म्हणून आठवेल तसं लिहिते.

मॅडम सोलापूरच्या पूर्व भागातल्या. घरची भाषा तेलुगू. वडील मागावर होते, आई विड्या वळायची. आई अजून आहे. दुपारी डबा उघडायच्या आधी मॅडम आईला फोन लावायच्या, "अम्मा, तिन्नावा?" म्हणजे जेवलीस का. पलीकडून उत्तर आल्यावरच भाकरी मोडायच्या. आमच्याशी मराठी बोलायच्या, आणि ते पक्कं सोलापुरी. रागावल्या की एकट्याला पण "तुम्ही" म्हणायच्या. खूश असल्या की "बे" म्हणायच्या, मुलींनासुद्धा. पहिल्या वर्षी मला हे कळलं नव्हतं. "काय करायलीस बे?" असं विचारलं की माझं काहीतरी चुकलं असं वाटून मी उभी राहायचे.

त्या आम्हाला डेटाबेस शिकवायच्या. तिसऱ्या वर्षी इंडेक्स, म्हणजे मशीनला माहिती पटकन सापडावी म्हणून केलेली सूची, शिकवताना त्यांनी काय केलं ते सांगते, म्हणजे त्यांची रीत कळेल. लॅबमध्ये त्यांनी सगळ्यांचे मागच्या परीक्षांचे पेपर आणून दोन गठ्ठे केले. एक कसाही मिसळलेला. दुसरा तारखेप्रमाणे लावलेला, आणि त्यात जागोजागी महिन्याची चिठ्ठी बाहेर डोकावणारी. सागरला पहिला गठ्ठा दिला आणि माझी मैत्रीण समरीन हिला दुसरा.

"मागच्या ऑक्टोबरचे पेपर काढा," त्या म्हणाल्या. "सागर, तू प्रत्येक पेपर उचलायचा, तारीख वाचायची, मोठ्यानं महिना आणि वर्ष म्हणायचं, मग ऑक्टोबर आहे का बघायचं."

समरीननं चिठ्ठी धरून एका हातानं गठ्ठा उचलला आणि जाऊन बसली. सागर "डिसेंबर, मागचं वर्ष. एप्रिल, मागचं वर्ष" करत राहिला. सगळे हसायला लागले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हसू नका. तुम्ही सगळे मशीनला क्वेरी विचारता ती अशीच चालते. प्रत्येक तारखेचं आधी 'ऑक्टोबर अमुक साल' असं अक्षर करता आणि मग जुळवत बसता. मशीनला सगळे पेपर उचलावे लागतात. त्यापेक्षा तिला सांगा, एक ऑक्टोबरपासून पुढं, एक नोव्हेंबरच्या आत. ती सरळ चिठ्ठीपाशी जाईल. महिना दाखवायचा तो माणसाला. शोधायची ती तारीख."

सागर मध्येच म्हणाला, "मॅडम, मी थांबू का आता?"

"सापडले का ऑक्टोबरचे?"

"नाही."

"मग चालू ठेव की बे."

त्याच वर्षी खोकी आली. शहरातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला होता आणि मालकाच्या मुलाला जागा विकायची होती. त्याच्याकडे वडिलांनी काढलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह होत्या, कागदी पाकिटांत भरलेल्या, अशी पुष्कळ खोकी. तो मॅडमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही, असं त्यानं सांगितलं. मॅडमनी ती लॅबशेजारच्या खोलीत आणून ठेवली आणि आमच्या वर्गाला तोच प्रोजेक्ट दिला. पाकिटं उघडायची, नाव आणि तारीख डेटाबेसमध्ये भरायची, निगेटिव्ह स्कॅन करायची. मग शहरातल्या कुणीही यावं, महिना आणि साल सांगावं, आणि आपल्या घरचा फोटो घेऊन जावं.

"मोबाइलच्या आधी लोकांकडं फोटो किती असायचे?" त्या म्हणाल्या. "लग्नाचा एक, पोराच्या जावळाचा एक. पुरात गेला, वाळवीनं खाल्ला, संपला विषय. इथं तो अजून आहे. फक्त त्या माणसाला माहीत नाही."

मी घरी सांगितलं तेव्हा आमचे दादा, म्हणजे माझे वडील, जेवता जेवता थांबले. ते चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत. "फोटूंच्या याद्या करून नोकरी लागती व्हय?" त्यांनी विचारलं. मी मॅडमना तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "दादांना सांग, यादी कुणीपण करतंय. सापडेल अशी यादी करायला लागली की नोकरी लागते." दादांना ते पटलं असं वाटलं नाही, पण परत त्यांनी विचारलं नाही.

पाकिटांवरच्या तारखा एकसारख्या नव्हत्या. काहींवर पूर्ण तारीख. बऱ्याच पाकिटांवर नुसतं 'मे ७८' किंवा 'ऑगस्ट ७९'. काहींवर 'गड्डा ८१' एवढंच. गड्ड्याची जत्रा संक्रांतीला, म्हणजे जानेवारी, यात काही शंका नव्हती. आम्ही सुरुवातीला महिन्यांची नावं जशीच्या तशी इंग्रजीत टाईप केली. मग यादी लावली तर एप्रिलनंतर ऑगस्ट आणि ऑगस्टनंतर डिसेंबर आला, कारण मशीननं ती अक्षरांप्रमाणे लावली होती. मॅडमनी बघितलं आणि एवढंच विचारलं, "तुमच्या गावाकडं एप्रिलनंतर ऑगस्ट येतो का? मग आंबे कधी खाता?" आम्ही सगळं पुसून खऱ्या तारखेचा रकाना केला.

खऱ्या तारखेच्या रकान्याला दिवस लागतो. दिवस नसला तर तो घेतच नाही. तेव्हा सागर म्हणाला, जिथं दिवस नाही तिथं एक टाकू. सगळ्यांना ते बरोबर वाटलं. मलाही. त्याच सुमारास अंतर्गत परीक्षा आल्या, मॅडम पेपर तपासण्यात अडकल्या, आणि आम्ही भरत गेलो.

काम अर्धंमुर्धं झालं तेव्हा मॅडमनी स्टुडिओच्या बंद दारावर एक कागद लावला की फोटो आमच्याकडे शोधून मिळतील. पहिल्यांदा आले ते रफिकभाई शेख. टेम्पो चालवायचे, चिंचोळीहून टॉवेलचे गठ्ठे आणायचे. दुपारी आले, चपला दाराबाहेर काढून उभे राहिले. मॅडम तेव्हा प्राचार्यांकडे गेल्या होत्या.

"अम्मीचा फोटू हाय का बघा की," ते म्हणाले. "एकच काढलेला. घरातला गेला. माझ्या पोरांनी आजीला बघितलंच नाही."

सागरनं महिना आणि साल विचारलं. रफिकभाईंना ते पाठ होतं. ज्या साली बहीण झाली ते साल, एकोणऐंशी. रमजान चालू होता, शेवटचे रोजे. महिना ऑगस्ट, कारण शाळेत झेंडावंदन होऊन गेलं होतं.

"म्हणजे पंधरा ऑगस्टनंतर?" सागरनं विचारलं.

"हौ. शाळेतनं लाडू मिळालेला. मी खाल्ला, अम्मीला रोजा. त्याच्यानंतर गेलो फोटूला."

सागरनं पंधरा ऑगस्ट ते एकतीस ऑगस्ट असं शोधलं. पडद्यावर दोन पाकिटं आली, दोन्ही दुसऱ्याच आडनावांची. "नाही, काका," तो म्हणाला. "ह्या तारखांमध्ये तुमचं नाव नाही."

रफिकभाईंनी पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "असू दे. तुमी बघितलं, लई झालं." चपला घालून गेले. आम्ही त्यांचा फोन नंबरसुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी समरीनला एक तक्ता काढायला सांगितला. कुठल्या तारखेची किती पाकिटं आहेत, हे उभ्या पट्ट्यांमध्ये. काम कुठवर आलंय हे त्यांना बघायचं होतं. पडद्यावर तक्ता आला तर सगळ्या पट्ट्या बुटक्या, आणि प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला एक एक मनोरा. मॅडम चष्मा वर करून जवळ आल्या.

"हा स्टुडिओवाला महिन्यातनं एकच दिवस काम करायचा काय?"

सागरनं सांगितलं. मॅडमनी खुर्ची ओढली आणि बसल्या. मला वाटलं आता सागरला "तुम्ही" सुरू होणार. पण त्यांनी सगळ्यांना विचारलं, "तुमच्या आईवडिलांचा वाढदिवस कधी असतो?"

मग मीच सांगितलं, "एक जून, मॅडम. दोघांचा पण."

"अजून कुणाकुणाचे एक जूनला?"

निम्म्याहून जास्त हात वर झाले. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, आमच्या अख्ख्या गल्लीचा." हशा झाला.

"माझा पण एक जूनच आहे," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे कागदावर. अम्मा सांगते मी गड्ड्यात झाले. दिवस तिला आठवत नाही. शाळेत घालायला नेलं तेव्हा हेडमास्तरांनी विचारलं, कधीची? ती म्हणाली, गड्ड्यातली. त्या हिशोबानं मी लहान पडत होते, नाव घालता येत नव्हतं. हेडमास्तरांनी आदल्या साली मागं जाऊन एक जून लिहिलं. भला माणूस होता. त्यानं नसतं लिहिलं तर मी वर्षभर घरी विड्याच वळल्या असत्या."

मग म्हणाल्या, "पण तेव्हापासून मी जिथं जिथं सही केली तिथं ती एक तारीख खरी झाली. ती खोटी आहे हे मला आणि अम्मालाच माहीत आहे. या एकतीस मेला मी रिटायर होतेय ते त्याच तारखेनं."

आम्हाला त्या मेमध्ये जाणार हे माहीत होतं. त्या कशामुळे जाणार, हे तेव्हा कळलं.

"एक तारीख टाकली याला माझी हरकत नाही," त्या म्हणाल्या. "मशीनला लावायला काहीतरी दिवस लागतो. पण ती आपण टाकली आहे हे तिथंच लिहून ठेवायला पाहिजे. शेजारी अजून एक रकाना करा. त्यात लिहा, दिवसापर्यंत माहीत, का महिन्यापर्यंत, का फक्त साल. आणि माणसाला दाखवताना जेवढं माहीत आहे तेवढंच दाखवा. 'ऑगस्ट १९७९'. दिवसाचा रकाना रिकामा." मग त्यांनी विचारलं, "काल कोण आलं होतं म्हणालात?"

सागरनं सांगितलं. सांगता सांगताच त्याच्या लक्षात आलं. मॅडमनी स्वतः बसून पूर्ण ऑगस्ट शोधला, एक ऑगस्टपासून एक सप्टेंबरच्या आत. यादीत एक 'शेख' होतं. पाकिटावर 'ऑगस्ट ७९'. आम्ही तिथं एक टाकला होता, आणि त्यामुळे पंधराच्या पुढे शोधल्यावर ते येणारच नव्हतं.

"फोटो खोक्यात होता आणि आपण त्यांना नाही म्हणून सांगितलं," मॅडम म्हणाल्या. सागरनं काहीतरी बोलायला सुरुवात केली. "तू राहू दे. तपासायचं काम माझं होतं. मी तपासलं नाही. आता त्यांना शोधून आणा, एवढं करा."

रफिक नावाचा टेम्पोवाला शोधणं सोपं नव्हतं. मी दादांना फोन केला. ते म्हणाले, "रफिक? आमच्या गेटवर चार रफिक येत्यात. टेम्पो कसला?" मला टेम्पो दिसला होता, कारण तो कॉलेजच्या गेटात आडवा लावल्यानं वॉचमन ओरडत होता. मागच्या फळीवर 'अम्मी की दुआ' लिहिलेलं होतं. दादा म्हणाले, "आस्सं सांग की. त्यो व्हय." दोन दिवसांनी रफिकभाई परत दारात उभे. या वेळी मॅडम स्वतः पुढे गेल्या.

"त्या दिवशी तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं," त्या म्हणाल्या. "फोटो असेल. तुमचाच आहे का ते तुम्ही बघा."

समरीननं स्कॅन उघडला. एक बाई खुर्चीत बसलेली, डोक्यावरून पदर. शेजारी नव्या कपड्यांतला एक मुलगा, छातीवर कागदी झेंडा टाचणीनं लावलेला. रफिकभाईंनी पडद्याला हात लावला नाही. फक्त वाकून बघितलं.

"झेंडा मी काढू देत नव्हतो," ते म्हणाले. "फोटूवाला म्हणला, राहू द्या." मग खुर्चीतल्या बाईकडे बोट केलं. नंतर म्हणाले, "बहीण हाय ह्याच्यात. पोटात."

ते प्रिंट घेऊन गेल्यावर समरीन म्हणाली, "मॅडम, झेंडा आहे, म्हणजे पंधरा किंवा सोळा. टाकू का?"

"पंधरा, का पंधरानंतर, एवढंच कळलं. ते शेऱ्यात लिही," मॅडम म्हणाल्या. "दिवस नको."

त्यानंतर लोक यायला लागले. रफिकभाईंनीच सांगितलं असणार. मॅडम त्यांना तारीख विचारायच्या नाहीत. विचारायच्या, थंडी होती का, आंबे होते का, गड्डा झाला होता का, तुमचा सण होता का. ईद दरवर्षी मागं सरकते, तेव्हा यंदाचा महिना धरून चालायचं नाही, हे त्यांनी आम्हाला समजावलं होतं. लोक बोलत बसायचे आणि मॅडम त्यातून महिना आणि साल काढायच्या. साल नाही निघालं तर दोन-तीन सालं शोधायच्या. कधी सापडायचं, बऱ्याचदा नाही सापडायचं. नाही सापडलं तर त्या "नाही" म्हणायच्या नाहीत. "अजून सापडला नाही," म्हणायच्या, कारण खोकी अजून निम्मी बाकी होती.

ती निम्मी खोकी हाच पुढे प्रश्न झाला. मॅडम मेअखेर जाणार. प्राचार्यांनी त्यांना शब्द दिला होता की निवृत्तीनंतर एक वर्ष मानद म्हणून यावं, खोली तशीच ठेवू, काम पुरं करावं. मॅडमना ते वर्ष हवं होतं. त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही. पण वहीच्या मागच्या पानावर त्यांनी कुठलं खोकं कुठल्या महिन्यात करायचं ते लिहून ठेवलेलं होतं, पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचं.

एप्रिलमध्ये कॉलेज तपासायला बाहेरची समिती येणार होती. आमचा डेटाबेस तिला दाखवायचा ठरलं. आदल्या आठवड्यात उपप्राचार्य बिराजदार सर लॅबमध्ये आले. अक्कलकोटकडचे, स्वभावानं मोकळे, मॅडमच्या बरोबरीनेच नोकरीला लागलेले. पडद्यावर यादी बघून म्हणाले, "मॅडम, हे निम्मे रकाने मोकळे दिसायलेत."

"दिवस माहीत नाही, सर. महिन्यापर्यंत माहीत आहे."

"समितीला ते कोण सांगत बसणार? त्यांचं पहिलंच असतं, माहिती पूर्ण आहे का अपूर्ण. एक तारीख टाकून मोकळं व्हा की. सरकारनं पण आपल्या सगळ्यांचं तेच केलंय." ते हसले. "माझा पण एक जूनच."

"म्हणूनच आपण दोघं एकाच दिवशी रिटायर व्हायलोय, सर."

सर पुन्हा हसले, मग गंभीर झाले. खुर्ची ओढून बसले. "हे बघा, मी तुमच्या भल्याचं सांगतोय. प्राचार्य म्हणतात, पूर्ण दिसलं तर पुढचं वर्ष मंजूर करून घेता येईल. अपूर्ण दिसलं तर मॅनेजमेंट म्हणणार, खोली अडवून ठेवलीय. समिती गेली की काढून टाका ते एक. कोण बघतंय?"

आम्ही सगळे माना खाली घालून टाईप करत होतो. म्हणजे तसं दाखवत होतो.

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं, वेळ बघायला नव्हे. मग म्हणाल्या, "सर, मी ते टाकलं होतं. एक माणूस आईचा फोटो न घेता परत गेला. तो परत सापडला हे नशीब. असे किती येतील आणि परत जातील ते मला कळणार पण नाही. काढून टाकीन म्हणते, आणि तेव्हा मी इथं नसले तर?"

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे, मॅडम."

"हो. तोच मला माहीत नाही."

बिराजदार सर उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "तुम्ही ऐकणार नाही हे मला माहीत होतं. सांगितलं नाही असं व्हायला नको." आणि गेले. मला त्यांचा राग आला नाही. ते खरोखरच मॅडमच्या भल्याचं सांगत होते.

समिती आली. मॅडमनी यादी होती तशी दाखवली. एका सदस्यानं रिकाम्या रकान्यांबद्दल विचारलं, मॅडमनी समजावलं, त्यानं मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते आम्हाला कधीच कळलं नाही. मेमध्ये प्राचार्यांनी मॅडमना बोलावून सांगितलं की मानद वर्षाचं जमलं नाही, आणि जूनपासून ती खोली दुसऱ्या विभागाला द्यायची आहे. मॅडम परत येऊन आम्हाला म्हणाल्या, "चला, एक खोकं तरी आज संपवू." त्या दिवशी त्या डबा खायला पण उठल्या नाहीत. आईला फोन मात्र केला.

निरोप समारंभ एकतीस मेला झाला. बिराजदार सर आणि मॅडम शेजारी शेजारी बसले होते, दोघांना सारखेच हार. सरांनी भाषण केलं. मॅडमनी केलं नाही. कार्यक्रम संपल्यावर त्या लॅबमध्ये आल्या तर गेटात टेम्पो उभा होता. मॅडमच्या घरी वडिलांच्या वेळची मागाची शेड होती. माग कधीच विकले गेले होते आणि शेडमध्ये अडगळ होती. मॅडमनी स्टुडिओवाल्याच्या मुलाला विचारून खोकी तिकडे न्यायचं ठरवलं होतं. रफिकभाईंनी भाडं घ्यायला नकार दिला. मॅडम म्हणाल्या, मग मी दुसरा टेम्पो बघते. तेव्हा ते म्हणाले, "डिझेलचं द्या. बाकीचं अम्मीच्या नावावर." मॅडमनी थोडा विचार करून मान हलवली. खोकी चढवताना सागर सगळ्यात पुढे होता. मॅडम टेम्पोत पुढे रफिकभाईंच्या शेजारी बसल्या, मांडीवर शेवटचं खोकं, गळ्यात अजून हार. वॉचमननं त्या दिवशी आडव्या टेम्पोबद्दल काही म्हटलं नाही.

मला नंतर एका छोट्या कंपनीत काम मिळालं, तारखांचंच. दादांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजी याद्याच की." पण त्यांनी एमआयडीसीत पेढे वाटले, असं आई म्हणाली.

एक जूनला आम्ही मॅडमना कधीच शुभेच्छा दिल्या नाहीत. पुढच्या जानेवारीत गड्डा भरला तेव्हा मी, समरीन आणि सागर पूर्व भागात त्यांच्या घरी गेलो. शेजारी कुठंतरी मागाची खडखड चालू होती. अम्मा दारात उन्हाला बसल्या होत्या. त्यांना मराठी येतं, पण मनात असलं तरच बोलतात. मी विचारलं, "आजी, मॅडम कुठल्या दिवशी झाल्या?"

"गड्ड्याच्या काठ्यांची मिरवणूक गेली, मग झाली," त्या म्हणाल्या. मग विचार केला. "का आदी झाली. माझं पोट दुखायलं होतं, मी कुठं बघितली मिरवणूक."

मॅडम शेडमध्ये होत्या. भिंतीला लागून खोकी, मध्ये टेबल, जुना कॉम्प्युटर. त्यांच्यासमोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते आणि आपल्या भावाच्या लग्नात विहिरीला पाणी किती होतं ते सांगत होते. मॅडम ऐकत होत्या. आम्हाला बघून त्यांनी हातानं थांबा म्हटलं. त्या गृहस्थांचं संपेपर्यंत आम्ही दाराशी उभे राहिलो. कागदावर खरी वेळ लिहिली गेली असती तर मॅडम त्या जानेवारीच्या शेवटी निवृत्त झाल्या असत्या. ते माझ्या तिथंच लक्षात आलं.

गृहस्थ गेल्यावर समरीननं पेढ्याचा पुडा टेबलावर ठेवला. "वाढदिवसाच्या शुभेच्छा, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढला. आमच्याकडे एकेकाकडे बघितलं.

"आज आहे का माझा?"

"माहीत नाही, मॅडम," सागर म्हणाला. "महिना बरोबर आहे."

मॅडमनी पुडा उघडला, एक पेढा मोडला, अर्धा तोंडात टाकला आणि अर्धा अम्मासाठी कागदावर बाजूला ठेवला. मग पुढचं पाकीट ओढून घेतलं. वर 'गड्डा ८४' लिहिलं होतं. त्यांनी जानेवारी घातला, साल घातलं, शेजारच्या रकान्यात 'महिन्यापर्यंत' लिहिलं आणि पुढे गेल्या.

"बसा की बे," त्या म्हणाल्या. "उभे काय राहिलायत?"